श्राद्धास बसावे की न बसावे?

वडिलांवर राग धरणे हे पाप होय, असे आपल्या घरांतून इतक्या लहानपणी बिंबविले जाते की, ज्याच्या मनात तो राग असतो त्याला त्याचे नावही घेता येत नाही. मग तो निराळ्याच नावांनी घरात वावरतो. कधी तो आमटीतील मिठावरून प्रकट होतो, कधी धाकट्या भावाच्या हिशेबावरून, तर कधी आठवडाभर चालणाऱ्या अबोल्यातून. वडील हयात असतात तोवर मोजके बोलून निभावून नेता येते. ते गेले म्हणजे मात्र पंचाईत होते, कारण श्राद्धविधी काही मोजका करता येत नाही.

हे लिहिण्यास निमित्त झाले ते कुडव्याहून आलेल्या एका पत्राचे. कुडवा हे गोंदियास अगदी लागून असलेले गाव; शहर वाढता वाढता त्याच्या अंगणात येऊन बसले आहे. पत्र लिहिणारे गृहस्थ साठी उलटलेले आहेत. १९७८ साली ते बारावीच्या परीक्षेत उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले व नागपुरास जाऊन इंजिनिअर होण्याची स्वप्ने पाहू लागले. वडील शाळामास्तर. त्यांनी ‘घरात पैसा नाही’ एवढेच सांगितले आणि मुलाला एका भाताच्या गिरणीत हिशेबनिसाच्या जागी चिकटवून दिले. हेही त्यांनी सोसले असते. परंतु पुढे दोनच वर्षांनी धाकट्या भावाची नागपुरास रवानगी झाली. पैसा कोठून आला, हे थोरल्याने विचारले नाही व वडिलांनी सांगितले नाही. एकाच घरात, एकाच पंक्तीला बसून, ही दोन माणसे चाळीस वर्षांहून अधिक काळ त्या एका प्रश्नाभोवती फिरत राहिली. गेल्या वर्षी वडील एक्याण्णवाव्या वर्षी निवर्तले. पुढील महिन्यात वर्षश्राद्ध आहे. कर्तेपण थोरल्याकडे. ते विचारतात, “मन नसताना श्राद्धास बसणे हे ढोंग नव्हे काय? धाकट्यास बसवावे काय?”

‘झाले गेले विसरून जा’ हा उपदेश त्यांना आजवर अनेकांनी केला असेल. आम्ही तो करणार नाही. ज्याचे आयुष्य एका शब्दाने दुसऱ्या रुळावर गेले, त्याने तो शब्द विसरावा असे म्हणणे हे, आमच्या मते, ऐकणाऱ्याने आपली सुटका करून घेणे होय.

या संबंधात न्यायमूर्ती रानडे यांची गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या सुधारकाची पहिली पत्नी १८७३ साली वारली. आता हा एखाद्या विधवेशी लग्न लावील या धास्तीने वडील गोविंदरावांनी त्याच वर्षी अकरा वर्षांच्या एका मुलीशी त्याचे लग्न ठरविले. मुलगा एकतिसाचा, सरकारी न्यायखात्यातील अधिकारी. त्याने परोपरीने विनविले, परंतु वडील हटले नाहीत. अखेर मुलगा नमला आणि जन्मभर लोकांच्या उपहासाचा धनी झाला. पत्नी रमाबाई यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत हा प्रसंग दिला आहे. त्या लग्नात खरा धोका कोणास होता, तर त्या अकरा वर्षांच्या मुलीस. वडिलांवरचा राग तिच्यावर निघाला असता तर कोणी नावही ठेवले नसते. आपल्याकडे असे रोजच घडत आले आहे. रानड्यांनी तिला पाटी दिली. पुढे वडील वारल्यावर सावत्र आई, सावत्र भावंडे, विधवा बहीण या सर्वांचे बिऱ्हाड त्यांच्याच छत्राखाली राहिले; आणि त्यांतील बायका रमाबाईंच्या शिक्षणावरून त्यांचा छळ करीत असतानाही ते शिक्षण थांबले नाही. वडिलांचे बरोबर होते असे त्यांनी कधी मानले असेल, असे आम्हांस वाटत नाही. राग पुढच्या माणसाच्या अंगावर जाऊ द्यावयाचा नाही, एवढे मात्र त्यांनी सांभाळले.

आता पत्रातील एक वाक्य. लिहिणाराने ते सहज लिहिले आहे: ‘माझ्या मुलाची इच्छा नसतानाही मी त्यास इंजिनिअर केले, तो आता पुण्यास असतो, फारसा फोन करीत नाही.’ हे वाक्य आम्ही दोनदा वाचले. वाचकांनीही वाचावे.

श्राद्धाविषयी म्हणाल, तर त्यात मन कसे असावे याची अट तुम्ही समजता तितकी कडक नाही. बाराव्या दिवशी सपिंडीकरणात मृताचा पिंड त्याच्या बापाच्या, आजाच्या व पणजाच्या पिंडांत मिसळतात. पुढे दर वर्षी वसुरूप पिता, रुद्ररूप पितामह, आदित्यरूप प्रपितामह असे तिघांचे नाव-गोत्र उच्चारून तीळ व पाणी सोडावयाचे. या तिघांपैकी कोण न्यायी होता व कोणी कोणावर अन्याय केला, हे भटजी विचारीत नाहीत. ज्या मास्तरांनी तुम्हांस नागपुरास जाऊ दिले नाही, ते त्या दर्भासनापुढे कोणाचे तरी मुलगे म्हणून उभे असतात. त्यांनाही कोणी कोठे जाऊ दिले नव्हते काय, ते तुम्हांस ठाऊक नाही. ठाऊक असते तरी तुमची चाळीस वर्षे परत आली नसती. तरीपण, मनात राग आहे एवढ्यावरून तीळपाणी सोडावयाचे टाळू नये, असे आम्हांस वाटते. तेव्हा बसावे. धाकट्यास शेजारी घ्यावे. तो आपल्या मर्जीने नागपुरास गेला नव्हता, त्यालाही पाठविलेच होते. त्या दिवशी नातवंडांना ‘आजोबा देवमाणूस होते’ असे मात्र सांगू नये. ते काय होते, तेवढे सांगावे.

मातोश्री हयात आहेत, असे पत्रात आहे. १९८० साली पैसा कोठून आला, हे सांगू शकेल असे आता त्या घरात दुसरे कोणी नाही. विचारावयाचे असेल तर वर्षश्राद्धाची वाट पाहू नये. दुपारी निवडणे-टिपणे चालले असता, जवळ बसून, रागाने न विचारता विचारावे. आणि मुलास पत्र घालावे. फोनवर हे जमणार नाही.