बाहुलीघर कुणाच्या नावावर?

बाहुलीघर म्हटलं की आपल्यातल्या बऱ्याचजणी नाक मुरडतात. पोरीच्या हातात लहानपणीच चूल-बोळकी द्यायची आणि जन्मभर तेच करायला तयार करायचं, हा त्या खेळण्याचा डाव. आक्षेप खोटा नाही. १६३१ साली जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात आना क्योफर्लिन या बाईनं भलंमोठं बाहुलीघर लोकांपुढं मांडलं, तेही मुलांना घरकामाचे धडे मिळावेत म्हणूनच.

तरीही आमच्या सल्ला केंद्रात मी बाहुलीघर आणलं. तयार नव्हे, सुट्या भागांचं किट. माझं म्हणणं असं की दोष खेळण्यात नाही, तयार घर हातात देण्यात आहे. घर ‘मांडणं’ बाईकडे आणि ‘बांधणं’ पुरुषाकडे, अशी वाटणी आपण मुकाट्यानं मानलेली असते. बांधकामावर घमेली वाहणाऱ्या बाया ढिगानं दिसतात. थापी हातात असलेली बाई मात्र शोधावी लागते.

किटमध्ये प्लायवूडच्या सपाट फळ्या येतात. आधी गोंद न लावता, नुसत्या चिकटपट्टीवर सगळं घर उभं करून बघायचं. खाच बसत नसेल तिथं पॉलिश पेपर मारायचा. मग परत सुटं करायचं. आतला रंग, भिंतीचा कागद, दिव्याची वायर हे सगळं जोडणीआधीच उरकावं लागतं, कारण नंतर कोपऱ्यात हात जात नाही. चार शनिवार गेले. एकजण चौदा वर्षं सुताराच्या घरात नांदलेली, पण कानस तिनं पहिल्यांदा इथं हातात घेतली. तिची सफाई बघून बाकीच्या गप्पच झाल्या.

किटचा नकाशा विलायती. भिंतीत शेकोटी होती. पहिलाच प्रश्न आला, “ताई, यात मोरी कुठंय?” मोरी नाही, संडास नाही, आणि एकाही दाराला आतून कडी नाही. शेकोटी बुजवून तिथं ओटा केला, जिन्याखाली मोरी काढली. कडीवर मात्र तासभर बोलणं झालं. कडी आतून हवी हे एकमतानं ठरलं, पण कडी बाहेरून घातली गेल्याचं कितीजणींनी त्या दिवशी पहिल्यांदाच सांगितलं! माझ्या छापील फॉर्मवर तो प्रश्नच नाही.

अमेरिकेत फ्रान्सिस ग्लेसनर ली या बाईनं १९४० च्या दशकात असलीच छोटी घरं केली, एका फुटाला एक इंच या मापानं. आत मेलेल्या बाहुल्या. पोलिसांनी संशयास्पद मृत्यूची जागा कशी वाचावी, हे शिकवायला. त्यात एक स्वयंपाकघर आहे. गॅस चालू, दारं बंद आणि जमिनीवर बाई. ‘स्टोव्हचा भडका’ लिहून मिटवलेले पंचनामे ज्यांनी पाहिलेत, त्यांना याहून वेगळं काय सांगावं?

घर पुरं होत आलं तेव्हा दारावर पाटी कुणाच्या नावाची, हा प्रश्न निघाला. तिथं मी कायदा सांगितला. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या कलम १७ नुसार, घर तिच्या नावावर नसलं तरी सामायिक घरात राहण्याचा बाईला हक्क आहे. सासूच्या मालकीचं घर यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली म्हटलं होतं. २०२० साली त्याच न्यायालयानं ते चुकीचं ठरवलं. पण राहायचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. गावातल्या घराच्या नोंदीत नवरा-बायको दोघांचंही नाव लावायचा निर्णय महाराष्ट्रात २००३ साली झाला, तरी आपली नोंद उघडून पाहिलेली त्या खोलीत एकही नव्हती. पुढच्या आठवड्यात तिघी ग्रामपंचायतीत जाऊन उतारा मागून आल्या. समुपदेशनाच्या दहा बैठकांत जे होत नाही, ते कधी कधी असं होतं.

किट महाग वाटलं तर खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या, माप तेच ठेवा. आमच्या घराला आता दोन पाट्या आहेत. छपरावर कौलं रंगवायची की पत्रा, यावर अजून वाद चालू आहे.