फुकट म्हणजे बेवारस नव्हे : लिंक्सिसच्या राउटरचा कालक्रम

मुक्त सॉफ्टवेअरचे परवाने म्हणजे उद्योगांसाठी रचलेला सापळा, असे विधान मोठ्या आत्मविश्वासाने केले जाते आणि पुष्ट्यर्थ लिंक्सिसच्या राउटरचा दाखला दिला जातो. दाखला योग्य आहे. पण त्यातून सिद्ध होते ते नेमके उलटे.

लिंक्सिसने डिसेंबर २००२ मध्ये डब्ल्यूआरटी५४जी हा घरगुती वायफाय राउटर बाजारात आणला. मार्च २००३ मध्ये सिस्कोने सुमारे ५० कोटी डॉलरना लिंक्सिस विकत घेण्याचे जाहीर केले. जूनमध्ये लिनक्सच्या विकसकांत बोभाटा झाला : राउटरच्या पोटात लिनक्स आहे, सोर्स कोड मात्र कोठेही दिलेला नाही.

लिनक्स ज्या जीपीएल परवान्याखाली येते, त्याची दुसरी आवृत्ती १९९१ ची. तिच्यात विक्रीला मनाई नाही आणि मोबदल्याची मागणीही नाही. अट एवढीच की, ज्याच्या हाती तयार प्रत द्याल, त्याला सोर्स कोड द्या किंवा तो देण्याची लेखी हमी द्या.

‘लिंक्सिसला बिचारीला कल्पनाच नव्हती’ हा नेहमीचा बचाव. चिप ब्रॉडकॉमची, सॉफ्टवेअरची जुळणी तैवानच्या सायबरटॅनची, खोका लिंक्सिसचा, मालकी सिस्कोची. प्रत्येकाने आधीच्यावर विसंबायचे! आपल्याकडे गुंठाभर जमीन घेणारादेखील सातबारा पाहतो. येथे ५० कोटी डॉलरचा व्यवहार होता. परवान्याची अट वितरण करणाऱ्याला लागू होते, आणि ग्राहकाला खोका विकणारा हा वितरकच असतो.

मग कंपनी बुडाली काय? २००३ मध्येच कोड खुला करावा लागला. त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्प उभा राहिला. पुढे लिंक्सिसने मूळ राउटरमधून लिनक्स काढले, तेव्हा लिनक्सवाल्या राउटरची मागणी इतकी होती की २००५ मध्ये तिने डब्ल्यूआरटी५४जीएल हे स्वतंत्र मॉडेल विक्रीस आणले. सापळ्यात सापडलेले सावज स्वखुशीने परतल्याचे हे दुर्मीळ उदाहरण म्हणावे लागेल.

आता लायब्ररींचा प्रश्न. त्यांच्यासाठी १९९१ मध्येच एलजीपीएल हा निराळा, सौम्य परवाना काढण्यात आला होता. बंदिस्त व्यापारी प्रोग्रॅम अशा लायब्ररीला खुशाल जोडता येतो. तुमचा कोड तुमच्याकडेच राहतो. लायब्ररीचा सोर्स कोड तेवढा द्यायचा, आणि ग्राहकाला तिची सुधारलेली आवृत्ती बसवता येईल अशी सोय ठेवायची. सापळा लावणारा एवढी सवलत कशाला देईल?

तरीही डिसेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला सिस्कोविरुद्ध न्यूयॉर्कच्या न्यायालयात जावे लागले. आरोप जीसीसी, बायनयुटिल्स आणि हीच सवलत लाभलेली ग्नू सी लायब्ररी, यांच्याविषयी होता. दाव्यापूर्वी पाच वर्षे बोलणी चालली होती. मे २००९ मध्ये तडजोड झाली : सिस्कोने फाउंडेशनला आर्थिक साहाय्य आणि लिंक्सिससाठी मुक्त सॉफ्टवेअर संचालकाची नेमणूक मान्य केली. परवान्यांचे पालन होते की नाही हे पाहणारा माणूस अखेर नेमला जाणार होता, राउटर विक्रीस आल्यावर सहा वर्षांनी.