सही लहान होऊ लागते तेव्हा

बँकेच्या नोकरीत धनादेश आणि नमुना सहीचे कार्ड शेजारी ठेवून पाहण्यात माझी बरीच वर्षे गेली. वयस्क व्यापाऱ्यांच्या सह्यांत अधूनमधून एक बदल दिसे. अक्षरे तीच, वळणेही तीच. परंतु सही आकसलेली आणि शेवटाकडे जाता जाता मुंगीएवढी झालेली. वैद्यकशास्त्र अशा अक्षराला मायक्रोग्राफिया म्हणते. कंपवाताच्या, म्हणजेच पार्किन्सन्सच्या, प्रारंभीच्या खुणांपैकी ती एक आहे आणि कधी कधी हात थरथरण्याच्या आधीच दिसू लागते.

व्यापारी घराण्यांत ही खूण झाकली जाते. पेढीची पत धन्याच्या हातावर तोललेली असते. म्हणून थरथरता हात खिशात जातो, चोपडी मुलगा लिहू लागतो आणि ‘वय झाले’ एवढ्यावर विषय मिटतो. चिचगडसारख्या गावाहून मेंदूविकारतज्ज्ञ गाठायचा तर आधी देवरी आणि मग महामार्गाने नागपूर किंवा रायपूर. त्यामुळे सबब आयतीच सापडते. व्यवहार अडतील ही भीती मात्र अनाठायी आहे. सही करणे अशक्य झालेल्या आजारी खातेदारासाठी साक्षीदारांसमक्ष अंगठ्याचा ठसा घेण्याची तरतूद बँकांच्या नियमांत आहे. वाया जाणारी वर्षे मात्र परत मिळत नाहीत, आणि या रोगात वर्षांचा हिशेब फार महत्त्वाचा असतो.

मेंदूत डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी झडत जातात, हे या रोगाचे मूळ. लेव्होडोपाच्या गोळ्या ती उणीव भरून काढतात. पण काही वर्षांनी पुढच्या गोळीची वेळ होण्याआधीच आधीच्या गोळीचा अंमल ओसरू लागतो. अशा रुग्णांसाठी ‘डीप ब्रेन स्टिम्युलेशन’ उपयोगी पडते. १९८७ मध्ये फ्रान्समधील ग्रेनोबल येथे डॉ. बेनाबिद कंपाच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करीत होते. मेंदूतील दोषी जागा जाळण्यापूर्वी तेथे सूक्ष्म विद्युत्प्रवाह देऊन ती पारखून घेण्याची पद्धत होती. प्रवाहाची गती सेकंदाला शंभराच्या आसपास नेली की कंप थांबतो, असे त्यांना आढळले. मग जाळायचे कशाला? तार तेथेच ठेवावी आणि छातीवर कातडीखाली बॅटरी बसवावी. पुढे अमेरिकेतील डॉ. डीलाँग यांच्या संशोधनातून सबथॅलॅमिक न्यूक्लिअस हे नेमके लक्ष्य पुढे आले. ते संशोधन माकडांवरील प्रयोगांतून झाले, ही गोष्ट आपल्या वाचकांना खटकेल. मलाही खटकते; पण उपचाराचा इतिहास सांगताना ती झाकणे बरे नव्हे. मुंबईत जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी अनेक वर्षे ही शस्त्रक्रिया करीत आले आहेत.

हा उपचार रोग बरा करीत नाही, त्याची वाढही थांबवीत नाही. लेव्होडोपाने ज्याला चांगला आराम पडतो, त्यालाच याचा लाभ होतो. स्मृतिभ्रंश जडल्यावर सहसा ही शस्त्रक्रिया करीत नाहीत. म्हणजे दार काही काळच उघडे असते. जर्मनी आणि फ्रान्समधील २५१ रुग्णांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या रोगाला सरासरी साडेसात वर्षे झाली होती. दोन वर्षांनंतर केवळ औषधांवर असलेल्यांपेक्षा शस्त्रक्रिया झालेल्यांचे जीवनमान सरस आढळले. ज्याने पाच-सहा वर्षे हात खिशात लपविण्यातच घालविली, त्याने यातले किती गमावले, याचा हिशेब वाचकांनीच मांडावा.

‘एमआरआय काढला, नॉर्मल आला, म्हणजे काही नाही’ हा समजही घरोघर आढळतो. साधा एमआरआय या रोगात बहुधा नॉर्मलच असतो. तो काढतात दुसरा विकार नाही ना हे पाहण्यासाठी आणि शस्त्रक्रियेच्या वेळी मेंदूतील काही मिलिमीटरची जागा हेरण्यासाठी. डोपामिनची उणीव दाखविणारे ट्रोडॅटसारखे स्कॅन वेगळे असतात. तरीही निदान मुख्यतः रुग्णाची चाल, हात आणि चेहरा पाहणाऱ्या डॉक्टरच्या नजरेवरच ठरते.

खर्च मोठा आहे. विमा नियामकाने २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची जी यादी केली, तीत हा उपचार आहे. पण कंपनी त्याला रकमेची मर्यादा घालू शकते. पॉलिसीतील तो आकडा आजच वाचून ठेवावा.

पर्युषणाविषयीही लिहिणे आवश्यक आहे. लेव्होडोपाच्या वेळा घड्याळाशी बांधलेल्या असतात. चौविहार किंवा अठ्ठाईसाठी गोळ्या एकाएकी बंद केल्या, तर अंग ताठरून ज्वर चढतो आणि प्रसंग जिवावर बेतू शकतो. पच्चक्खाणात आजारपणासाठी आगार ठेवलेले आहेतच. म्हणून घरात असा रुग्ण असेल तर पच्चक्खाण घेण्यापूर्वी गोळ्यांचे वेळापत्रक महाराजसाहेबांना दाखवावे, आणि तपाचा विचार डॉक्टरांच्याही कानावर घालावा.