अंदाजपंचे टायमिंग

जुनी बिडाच्या इंजिनाची बुलेट बाळगणाऱ्याला दोन प्रकारचे मिस्त्री भेटतात. एक खूण बघून टायमिंग लावणारा, दुसरा 'कानानं' लावणारा. पहिल्याकडे गिऱ्हाईक नसतं, दुसऱ्याकडे नंबर लावावा लागतो. माझं भांडण या दुसऱ्याच्या कानाशी आहे.

वास्तविक प्रकरण सोपं. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो. कॅमनं टॅपेट उचलायचा, टॅपेटनं पुशरॉड, पुशरॉडनं रॉकर आणि रॉकरनं व्हॉल्व्ह उघडायचा. आमच्या बँकेतला कर्जाचा अर्ज असाच टेबलं फिरतो, फक्त तिथं व्हॉल्व्ह उघडेलच याची खात्री नाही! बुलेटला कॅम दोन. एक पेट्रोल-हवा आत घेण्यासाठी, दुसरा धूर बाहेर घालवण्यासाठी. धूर पुरता निघण्याआधीच आतलं दार उघडतं. जुने पाहुणे चपला शोधताहेत तोच नवे उंबऱ्यावर हजर. हा मुहूर्त चुकू नये म्हणून कारखान्यानंच पिनियनवर आणि कॅमच्या चाकांवर खुणा करून ठेवल्या आहेत. खुणेसमोर खूण आणायची, क्रँक हातानं दोन फेरे फिरवायचा, खुणा पुन्हा समोरासमोर आल्या की झाकण लावायचं. (येझदी आणि राजदूत १७५ वाले यातून सुटले. त्यांच्या टू-स्ट्रोकला कॅमही नाही आणि असले व्हॉल्व्हही नाहीत.)

पण मिस्त्री म्हणणार, "साहेब, वीस वर्षं झाली, आवाजावरनं सांगतो." अहो, इंजिन पोट उघडून पडलेलं असताना आवाज कुठला? पॉइंटचं टायमिंग कानानं थोडं पुढंमागं करता येतं, कबूल. ती प्लेट सरकते. कॅमचं चाक दातात बसतं. ते बरोबर असतं, नाहीतर अख्खा दात चुकलेलं असतं.

आणि एक दात चुकला तरी बुलेट बऱ्याचदा सुरू होते, हीच तिची वाईट खोड! फटफटते, तापते, घाटात दम टाकते. मग मिस्त्री कार्बोरेटर बदलायला लावतो, नंतर कॉइल, शेवटी पेट्रोलात भेसळ निघते. एका दाताचं बिल आपण हप्त्याहप्त्यानं फेडतो.

आमच्याकडे संध्याकाळी कॅशमध्ये दहा रुपये कमी आले तर "अंदाजे जुळली" म्हणून कॅशियरला घरी जाता येत नाही. इथं हजारो रुपयांचं काम, आणि आपण दुकानाबाहेर उभं राहून "संध्याकाळी मिळेल ना हो?" एवढंच विचारतो!

त्यापेक्षा स्टूल ओढावं, चष्मा लावावा आणि झाकण बसण्याआधी म्हणावं, "खुणा दाखवा." मिस्त्री चिडेल. चिडू दे. त्याला चहा सांगा, आणि चहा येईपर्यंत क्रँकचे दोन फेरे मारून घ्या.