निबंध लिहिण्यापूर्वीं ग्रंथालयांत

निबंधाचा विषय फळ्यावर लिहिला गेला कीं, वर्गांत दोन प्रश्न हमखास ऐकूं येतात. पहिला, “किती पानें लिहावयाचीं?” आणि दुसरा, “हें कोठें मिळेल?” पहिल्या प्रश्नाचें उत्तर सोपें आहे. दुसरा प्रश्न वरवर निरुपद्रवी दिसला तरी त्यांत एक मोठी गैरसमजूत दडलेली असते. निबंध कोठें तरी तयार पडलेला आहे, आपलें काम तो हुडकून वहींत उतरवून घेण्याचें, अशी ती समजूत होय. पूर्वीं हा तयार माल बाजारांतील मार्गदर्शक पुस्तकांतून मिळे. आतां तो खिशांतील मोबाईलवर क्षणार्धांत मिळतो. साधन बदललें, खोड तीच राहिली. माझें म्हणणें एवढेंच आहे कीं, प्रत्येक विद्यार्थ्यानें वर्षांतून निदान एक निबंध तरी ग्रंथालयांत बसून, शोधून व पडताळून लिहावा. आणि शाळेनें गुण देतांना भाषेच्या सजावटीपेक्षां त्यामागील शोधाची अधिक किंमत करावी.

नुसत्या उपदेशानें कोणाचें पोट भरत नाहीं, म्हणून एक विषय घेऊनच चालूं. समजा, विषय आहे ‘प्लेगची सांथ’. कोरोनाचे दिवस पालकांच्या व मोठ्या विद्यार्थ्यांच्या स्मरणांत आहेतच. २०२० सालीं त्या सांथीच्या बंदोबस्तासाठीं जो कायदा प्रथम हातीं घेण्यांत आला, तो १८९७ सालचा होता आणि प्लेगमुळेंच तो अस्तित्वांत आला होता. तेव्हां विषय जुना खरा, परंतु परका नव्हे.

आतां ‘प्लेगची सांथ’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. विषयाला अंत नसतो, प्रश्नाला असतो. ‘प्लेगच्या वर्षांत मुंबईची वस्ती घटली काय, व किती?’ हा प्रश्न आहे. ‘पुण्यांतील लोक प्लेगच्या बंदोबस्तावर इतके कां रागावले?’ हाहि प्रश्न आहे. असा एखादा प्रश्न कागदावर लिहून घेतल्यावांचून ग्रंथालयाची पायरी चढूं नये. जो काय हवें हें न ठरवितां बाजारांत जातो, तो हातास लागेल तें घेऊन परततो. ग्रंथालयांतहि तसेंच होतें.

पुस्तकें शोधावयाचीं कशीं? ग्रंथालयांत पुस्तकें उंचीप्रमाणें किंवा रंगाप्रमाणें लावलेलीं नसतात. अमेरिकेंतील मेल्विल ड्यूई यानें १८७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या दशांश-पद्धतीनें आपल्याकडीलहि पुष्कळ ग्रंथालयें चालतात. तींत सर्व ज्ञानाचे दहा वर्ग पाडलेले असून प्रत्येकास आंकडे दिलेले आहेत. सार्वजनिक आरोग्याचीं पुस्तकें ६१४ या आंकड्याखालीं येतात, तर हिंदुस्थानच्या इतिहासाचीं ९५४ खालीं. म्हणजे आपला प्लेग दोन निरनिराळ्या कपाटांत वसतो! एकच कपाट उघडून “कांहीं नाहीं” असें म्हणत परत फिरणारा विद्यार्थी अर्ध्या वाटेवरूनच परततो. यासाठीं लेखक, पुस्तकाचें नांव व विषय या तिन्ही अंगांनीं सूची पाहावी. आणि तरीहि अडलें तर ग्रंथपालांस विचारण्यास लाजूं नये. ते कुलपाचे राखणदार नसून वाटाडे आहेत.

प्रारंभ नेहमीं कोशांपासून करावा. डॉ. केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनीं आरंभिलेला मराठी विश्वकोश आणि सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचे चरित्रकोश हीं मराठी विद्यार्थ्याचीं थोर साह्यें आहेत. कोश हा मुक्काम नव्हे, तो नाका आहे. तेथें नांवें, सालें व पुढचे रस्ते कळतात. प्लेग मुंबईंत १८९६ सालीं प्रकट झाला. हाफकीन यांनीं १८९७ च्या जानेवारींत लस तयार करून प्रथम स्वतःस टोंचून घेतली. पुण्यास त्याच वर्षाच्या मार्चमध्यें रोग्यांची शुश्रूषा करितां करितां सावित्रीबाई फुले यांस प्लेगनेंच मृत्यु आला. आणि २२ जून रोजीं प्लेग-अधिकारी रँड यांजवर गोळी झाडली गेली. एवढे खुंट हातीं आले म्हणजे त्यांस धरून पुढील पुस्तकें मागतां येतात.

परंतु पुस्तक हातीं येतांच वाचावयास लागूं नये. आधीं त्याचें जन्मसाल पाहावें. माणसाला त्याच्या मृत्यूनंतरच्या गोष्टी विचारतां येत नाहींत, तसेंच पुस्तकाला त्याच्या छपाईनंतरच्या गोष्टी विचारतां येत नाहींत. सरकारनें काढलेलें पुणें जिल्ह्याचें जुनें गॅझेटियर फार मोलाचें आहे. पण तें १८८५ सालचें. त्यांत १८९७ चा प्लेग शोधणें म्हणजे कोऱ्या पानावर अक्षर शोधणें होय. मुंबई शहराचें गॅझेटियर मात्र १९०९ पासून निघालें, म्हणून तेथें चौकशी करणें सयुक्तिक ठरतें. ज्ञानकोशाचे खंड १९२० नंतरच्या दशकांतले. ज्या स्ट्रेप्टोमायसिन औषधानें प्लेगवर हमखास इलाज सांपडला, तें १९४३ सालीं शोधलें गेलें. तेव्हां उपचारांविषयीं नवा ग्रंथच पाहिला पाहिजे. जुनें पुस्तक खोटें नसतें. तें आपल्या काळापुरतें बोलत असतें.

आतां आंकड्यांकडे वळूं. १८९१ च्या खानेसुमारींत मुंबई शहराची वस्ती ८,२१,७६४ होती, ती १९०१ च्या खानेसुमारींत ७,७६,००६ भरली. वजाबाकी करून ‘प्लेगनें पंचेचाळीस हजार माणसें मेलीं’ असें लिहिणें किती सोपें! आणि किती चुकीचें! कारण दहा वर्षांत जन्मलेलीं मुलें, बाहेरून पोटासाठीं आलेले मजूर, भयानें गांव सोडून गेलेलीं कुटुंबें आणि अन्य रोगांनीं मेलेले लोक या सर्वांचा हिशेब त्या एका वजाबाकींत मिसळलेला आहे. आंकडा ‘किती’ हें सांगतो, ‘कां’ हें सांगत नाहीं. त्यासाठीं मृत्यूंची नोंद, त्या वेळचीं वृत्तपत्रें व त्या दिवसांच्या आठवणी हे दुसरे साक्षीदार बोलवावे लागतात.

साक्षीदारांचीहि पारख करावी लागते. पुण्यांत घरांघरांत शिरून झडत्या घेण्यांत आल्या, त्याविषयीं सरकारी कागद एक सांगतात व त्या वेळचा ‘केसरी’ दुसरें सांगतो. दोघांनाहि आपापली बाजू होती. पंडिता रमाबाईंनींहि त्या बंदोबस्तावर जाहीर टीका केली, ही गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे तक्रार एकाच पक्षाची नव्हती असें दिसतें. विद्यार्थ्यानें दोन्ही बाजू वाचाव्या, आणि कोण काय म्हणतो हें त्याच्या त्याच्या नांवावर लिहावें. न्यायाधीश एकाच पक्षाचें ऐकून निकाल देत नाहीं.

या बाबतींत गोपाळ कृष्ण गोखले यांच्या चरित्रांतील प्रसंग प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असावा. १८९७ सालीं ते वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यासाठीं इंग्लंडांत गेले होते. तेथें असतां स्वदेशांतून आलेल्या पत्रांवर विश्वास ठेवून त्यांनीं पुण्यांतील सैनिकांवर अत्यंत गंभीर आरोप केला, व तो तेथील वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाला. परत आल्यावर त्याचा पुरावा त्यांना पुढें मांडतां येईना. तेव्हां त्यांनीं जाहीर व बिनशर्त माफी मागितली, आणि त्या माफीबद्दल स्वकीयांचेहि कठोर शब्द सोसले. यावरून सैनिकांचें वर्तन निर्दोष होतें असें सिद्ध होत नाहीं. लोकांच्या तक्रारी पुष्कळ होत्या. परंतु ज्या विधानाच्या पाठीशीं उघडपणें उभा राहणारा साक्षी नाहीं, तें विधान खरें असलें तरी उभें राहत नाहीं. गोखल्यांसारख्या सत्यनिष्ठ प्राध्यापकास जी किंमत मोजावी लागली, ती पाहून तरी ‘असें ऐकिवांत आहे’, ‘असें कोठें तरी वाचलें’ हीं वाक्यें आपल्या वहींतून हद्दपार व्हावींत.

म्हणून माझी विद्यार्थ्यांस विनंती आहे कीं, त्यांनीं चिठ्ठ्यांची संवय करावी. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट टिपावी आणि तिच्याखालीं ग्रंथाचें नांव, लेखक, साल व पृष्ठ न चुकतां लिहावें. ग्रंथांतील वाक्य जसेंच्या तसें घेतलें असेल तर तें अवतरणचिन्हांत घालावें. एरवीं पुस्तक मिटून ठेवून आपल्या शब्दांत लिहावें. मिटल्यावर जें लिहितां येतें तेवढेंच आपल्याला समजलें, असें मानावें. मोबाईलवर किंवा संगणकावर वाचलेल्या मजकुरासहि हाच कायदा लागू करावा. विश्वकोश आतां संगणकावरहि वाचतां येतो, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ज्या पानावर लेखकाचें नांव नाहीं, साल नाहीं व आधार नाहीं, तें पान म्हणजे निनावी पत्र होय. निनावी पत्रावर कोणता शहाणा मनुष्य भरंवसा ठेवतो?

कांहीं पालक म्हणतील, “परीक्षा डोक्यावर असतां हा खटाटोप कशाला? एवढ्या वेळांत मुलगा चार निबंध पाठ करील.” करील खरा, आणि परीक्षा संपतांच चारहि विसरेल. उलट एका प्रश्नाचा मागोवा ज्यानें स्वतः घेतला, त्याला शोधण्याची रीत कळली, व ती रीत पुढें दवाखान्यांत, कचेरींत, न्यायालयांत आणि मतदानाच्या दिवशींहि उपयोगी पडते. आणखी एक गोष्ट नम्रपणें सांगतों. मुलाच्या नांवावर आईबापांनीं लिहिलेला किंवा विकत घेतलेला निबंध शिक्षकाच्या सहज ओळखूं येतो. पण त्याहून वाईट हें कीं, खोटें चालतें हा धडा मूल घरींच शिकतें. पालकांनीं निबंध लिहून देण्याऐवजीं रविवारीं मुलाला गांवच्या वाचनालयांत घेऊन जावें, आणि घरांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या आठवणी टिपून घेण्यास सांगावें. कोरोनाच्या दिवसांचे साक्षीदार आज घरोघर आहेत. उद्यां ते नसतील.

दोष सर्वस्वीं मुलांचा व पालकांचाच आहे असें मात्र मी म्हणत नाहीं. पुष्कळ शाळांतून पुस्तकांच्या कपाटांस कुलूप असतें आणि आठवड्यांतून एखाद्या तासास तें उघडतें. पुस्तकें हरवतील व फाटतील, ही भीति खोटी नाहीं. पण ग्रंथ उपयोगासाठीं आहेत, हा डॉ. रंगनाथन यांनीं १९३१ सालीं घालून दिलेल्या पांच नियमांपैकीं पहिलाच नियम आहे. वापरून फाटलेलें पुस्तक बांधून घेतां येतें. न वापरलेल्या पुस्तकावर केलेला खर्च कोणत्याहि उपायानें वसूल होत नाहीं. तसेंच आम्ही शिक्षकांनींहि एका सत्रांत सहा निबंध मागण्याऐवजीं पांचच मागावे, आणि उरलेल्या वेळांत एक निबंध चिठ्ठ्यांसह तपासावा. चिठ्ठ्यांस निम्मे गुण मिळतात असें एकदां कळलें, कीं नक्कल करणें आपोआप तोट्याचें होईल.

विद्यार्थीमित्रहो, सुट्टीनंतर नवें सत्र सुरू होईल तेव्हां कोणता तरी एक प्रश्न आपला म्हणून निवडा. आपल्या गांवची जुनी विहीर कोणीं बांधली, आपल्या तालुक्यांत आगगाडी केव्हां आली, आपल्या आजोबांच्या लहानपणीं कोणता दुष्काळ पडला, असे प्रश्न तुमच्या पायांशीं पडलेले आहेत. दोन पुस्तकें, एक वृत्तपत्र व एक वृद्ध मनुष्य यांना तो प्रश्न विचारा. त्यांचीं उत्तरें जुळलीं तर आनंद माना. न जुळलीं तर अधिक आनंद माना, कारण खऱ्या अभ्यासास तेथूनच प्रारंभ होतो.