आधी द्वीपवासी, मग पाहुणा

कोविडची महामारी ऐन भरात असता बेटे पर्यटकांस खुली करावीत की नाही, या प्रश्नावर 2020 व 2021 साली जो वाद माजला, त्यात खुलेकरणाच्या कैवाऱ्यांनी मांडलेला पूर्वपक्ष हलक्या हाताने बाजूस सारण्याजोगा नाही. जेथे शेतीस जमीन नाही, कारखाना नाही, मासळी आणि पाहुणा यांखेरीज उत्पन्नाचे मोठे साधन नाही, तेथे पाहुण्यास मज्जाव करणे म्हणजे रोग्याबरोबर निरोग्यासही उपाशी ठेवणे होय, असे ते म्हणतात. आणि मालदीवकडे पाहिले म्हणजे या म्हणण्यातील वजन ध्यानी येते. ज्या देशात 2019 साली सतरा लाखांच्या आसपास पर्यटक उतरले, तेथे मार्च 2020 अखेर सरहद्दी बंद होताच परकीय चलनाचा मुख्य ओघच आटला. 15 जुलै 2020 रोजी त्या सरकारने दारे पुन्हा उघडली, याचा दोष आम्ही त्यास देत नाही.

आमचा विरोध आहे तो या पक्षाच्या पुढच्या पायरीस. ज्याच्या हाती चाचणीचा दाखला तो निर्धोक, सबब त्यास मुभा द्यावी, हे त्यांचे प्रमेय. परंतु हा दाखला सांगतो ते इतकेच, की नमुना घेतला त्या घटकेस नाकाघशात विषाणू आढळला नाही. आदल्या दिवशी बाधा झालेल्या इसमाची चाचणी बहुधा निर्दोषच येते. लक्षणे सामान्यतः चार-पाच दिवसांनी, क्वचित चौदाव्या दिवशीही प्रकटतात. म्हणजे दाखला खिशात आणि रोग अंगात, अशा स्थितीत मनुष्य राजरोस बेटावर उतरू शकतो.

लक्षद्वीपाचा मामला या दृष्टीने डोळे उघडणारा आहे. वस्तीची बेटे अवघी 10, 2011 च्या जनगणनेनुसार माणसे 64,473, आणि अत्यवस्थ रोग्यास हेलिकॉप्टरने कोचीस न्यावे लागते असा वैद्यकीय बंदोबस्त! या मुलखात 2020 चे सबंध वर्ष एकही रुग्ण आढळला नाही, कारण कोचीस बोटीत पाऊल ठेवण्यापूर्वी विलगवास व चाचणी, आणि बेटावर उतरल्यावर पुन्हा काही दिवस घरातच राहणे, हा शिरस्ता कसोशीने पाळला जात होता. डिसेंबरात प्रशासनाने तो मोडला व अठ्ठेचाळीस तासांच्या आतील दाखला पुरेसा ठरविला. जानेवारीच्या मध्यास पहिला रुग्ण निघाला. मे अखेरीस रुग्णसंख्या सहा हजारांच्या वर गेली होती.

यावर कोणी म्हणेल, की तो पहिला रुग्ण पर्यटक नव्हता, कोचीहून आलेला राखीव दलाचा जवान होता. हे खरे आहे. तथापि ज्या फटीतून तो आला, ती पर्यटकासही तितकीच मोकळी होती. दुसरा आक्षेप असा, की आज ना उद्या साथ पोचणारच होती. पोचली असती; पण देशात लसीकरण सुरू झाले ते 16 जानेवारी 2021 रोजी, आणि बेटांचा बांध फुटला तो नेमका त्याच सुमारास. चौसष्ट हजारांस लस टोचण्यास लागणारे काही महिने तो जुना शिरस्ता सहज मिळवून देत होता. विलंब हीच येथे संपत्ती होती, आणि ती उधळली गेली. बंदर उघडण्यातल्या अशा ढिलाईची किंमत इतिहासातही दिसते : 1918 साली ‘टालून’ हे जहाज आपिया बंदरात लागू दिले, तेव्हा पश्चिम सामोआतील सुमारे पंचमांश प्रजा इन्फ्लुएंझाने दगावली. शेजारच्या अमेरिकन सामोआत राज्यपाल पॉयर याने बंदरबंदीची अंमलबजावणी कडक ठेविली, आणि तेथे एकही मृत्यू झाला नाही.

मग मालदीव तरले कसे? तेथे एकेक विश्रामस्थान एकेका निर्जन बेटावर वसलेले, त्यामुळे विमानतळावरून स्पीडबोटीने वा सागरी विमानाने नेलेला पाहुणा गावात येतच नाही; आणि वस्तीच्या बेटांवरील अतिथिगृहे ऑक्टोबरपर्यंत बंदच ठेविली होती. तरीही हा तट अभेद्य नव्हता, कारण पाहुण्याची खोली झाडणारा, त्याचे ताट उचलणारा नोकर रजेवर आपल्या घरी जातोच. 7 मार्च 2020 रोजी त्या देशात सापडलेले पहिले दोन रुग्ण कुरेदू येथील विश्रामस्थानाचे कर्मचारीच होते. म्हणून आमचा सिद्धांतपक्ष असा : प्रथम या नोकरास, त्याच्या कुटुंबास आणि गावास लस; नंतर लसवंत पाहुण्यास प्रवेश. थायलंडने फुकेतबाबत हाच क्रम धरला. रहिवाशांपैकी सत्तर टक्के लोकांस उर्वरित देशाआधी लस देण्याचे उद्दिष्ट ठेवून 1 जुलै 2021 पासून लसवंत परदेशस्थांस तेथे येऊ दिले. पुढे देशभर साथ उसळली, तेव्हा ऑगस्टात त्या बेटाने स्वदेशातील प्रवाशांस दार लावले, परदेशी लसवंतांस खुले ठेविले; या एका गोष्टीवरून धोका कोठून येत होता याचा अदमास होतो.

एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्रात संचारबंदी असता मुंबईहून मालदीवला सुटीसाठी जाणाऱ्यांची छायाचित्रे घरोघरी पाहिली गेली. मे महिन्याच्या 13 तारखेस त्या देशास दक्षिण आशियातील पर्यटकांना बंदी घालावी लागली. पुन्हा अशी साथ आली, तर सहलीचे तिकीट काढण्यापूर्वी मराठी वाचकाने एवढी चौकशी अवश्य करावी, की आपले ताट उचलणाऱ्यास लस मिळाली आहे काय. आणि ती मिळाली नसेल, तर जाणे तहकूब ठेवावे.