हाड जुळते, माणूस मागाहून चालतो

दिवाळीच्या अंकात दुखण्याचा विषय कशाला, असे एखादे वडीलधारे माणूस विचारील. पण दुखणे सणवार पाहून येत नाही. या चार दिवसांतही कितीतरी घरांत कोणीतरी खाटेवर पडलेले असते. कोणी जिन्यावरून घसरून मांडीचे हाड मोडून घेतलेले, कोणी स्कूटरवरून पडलेले. आतून चकल्यांचा वास येतो आणि या माणसाला कूस बदलायलादेखील हाक मारावी लागते. आजचे चार शब्द त्याच्यासाठी. आणि त्याची हाक ऐकून पिठाचे हात धुऊन धावणाऱ्या माणसासाठीही.

अपघाताचे पहिले आठ दिवस एका परीने सोपे जातात. नातेवाईक मोसंबी घेऊन येतात, निर्णय डॉक्टर घेतात, घर एकवटलेले असते. खरी कसोटी लागते ती पुढच्या महिन्यात. येणारी-जाणारी माणसे कमी होतात आणि एक प्रश्न तेवढा उरतो : “अजून चालत नाहीत?” शेजारच्या काकूंचा भाचा हटकून महिन्याभरात धावू लागलेला असतो! ते ऐकून खाटेवरच्या माणसाला वाटते, आपल्यातच काही कमी आहे.

कमी काही नसते. हाडाला त्याचे स्वतःचे पंचांग असते. मोडलेल्या जागी आधी रक्त साकळते. दोन-तीन आठवड्यांत तेथे मऊ, कूर्चेसारखा सांधा धरू लागतो. त्याचे कठीण हाड व्हायला साधारणपणे ६ ते १२ आठवडे लागतात. मांडीच्या हाडाला पुष्कळदा याहून अधिक. त्यानंतरही आतली घडण कित्येक महिने चालू राहते. शस्त्रक्रियेत घातलेली सळई हाड जागच्या जागी धरून ठेवते. जोडण्याचे काम शरीरालाच करावे लागते. विडी-सिगारेटने ते काम लांबते. डिंकाचे लाडू आवडीने खावेत, पण डाळी, दूध, अंडी यांना विसरू नये. आणि मोडलेल्या जागेला कोणी हौसेने मालीश करू लागले, तर त्याचा हात नम्रपणे बाजूला करावा.

आपल्याकडे वेदना मुकाट्याने सोसण्याचे फार कौतुक. “एक गोळी घेतली नाही हो त्यांनी!” असे घरचे अभिमानाने सांगतात. पण दुखते म्हणून माणूस हलत नाही, हलत नाही म्हणून स्नायू झिजतात, आणि झिजलेल्या स्नायूंमुळे पुढे हलणे अधिकच अवघड होते. डॉक्टरांनी सांगितलेली गोळी सांगितल्या वेळी घेतली, तर त्या अर्ध्या-पाऊण तासात व्यायाम होतो. ती गोळी त्यासाठीच दिलेली असते. तिच्यात आपल्या मनाने वाढघट मात्र करू नये.

व्यायामानंतर थोडे दुखावे आणि विसाव्याने उतरावे, हे कामाचे दुखणे. पण वेदना दिवसागणिक वाढत चालली, पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला, प्लॅस्टरबाहेरची बोटे निळी किंवा बधिर झाली, तर रात्र सरण्याची वाट पाहू नये, डॉक्टरांना गाठावे. एकाएकी दम लागला, तर थेट इस्पितळच गाठावे.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी समजून घ्यावी. क्ष-किरणांच्या चित्रात हाड जुळलेले दिसते, तरी माणूस दुखते म्हणतो. ते नाटक नसते. मोठ्या इजेनंतर मज्जासंस्था कधीकधी फार काळ जागरूक राहते आणि साध्या हालचालीलाही धोक्याची हाक देते. अशा वेळी “आता काही झालेले नाही तुम्हाला” या वाक्याने जखम बरी होत नाही. उलट माणूस सांगणेच बंद करतो.

हाडाचा निदान हिशेब तरी मांडता येतो. काही जखमांत तोही मांडता येत नाही. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर लष्करात होते, मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि पाय लुळे पडले. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पोहायला सांगण्यात आले. १९७२ साली हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिक स्पर्धेत, ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत, त्यांनी सुवर्णपदक जिंकले. ते पदक सगळ्यांच्या लक्षात राहते. मला मात्र मधली सात वर्षे मोठी वाटतात. पूर्वीचे पाय परत आले नाहीत. जे उरले होते त्याच्यावर रोज थोडे थोडे काम झाले. सगळ्यांना पदक मिळत नाही आणि मिळायची गरजही नाही. न्हाणीघरापर्यंत आपल्या पायांनी जाता आले, हाही विजयच.

म्हणून एक वही ठेवावी आणि आठवड्यातून एकदाच लिहावे : गुडघा किती वाकला, किती पावले झाली, झोप किती लागली. रोज मोजले तर निराशा पदरी येते, कारण मधला एखादा दिवस मागे नेतोच. जे काम रुग्णाला जमते ते त्यालाच करू द्यावे, वेळ लागला तरी. चिवड्याचे शेंगदाणे निवडणे, आकाशकंदिलाला झिरमिळ्या चिकटवणे, हिशेब लिहिणे, यांतले काही खाटेवर बसून होते. आणि शुश्रूषा करणाऱ्या माणसाला आठवड्यातून एक संध्याकाळ मोकळी द्यावी; तिची जागा घरातल्या दुसऱ्या कोणीतरी घ्यावी.

फराळाला कोणाकडे गेलात आणि तेथे असे कोणी असले, तर “केव्हा बरे होणार?” हे विचारू नका, ते त्यालाही ठाऊक नसते. “या आठवड्यात नवीन काय जमले?” असे विचारा. “काहीच नाही,” असे उत्तर आले, तर उपदेश न करता थोडा वेळ नुसते बसा. पुढच्या आठवड्यात पुन्हा जा.